एका नदीसाठी आठ वर्षे



आज आम्ही तुम्हांला एका युद्धाची हकिगत सांगणार आहोत. हे युद्ध इराण आणि इराक या दोन शेजाऱ्यांचे. ते १९८० साली सुरू झाले आणि १९८८ साली थांबले.

इराकमध्ये तैग्रिस आणि युफ्रेटीस या दोन मोठ्या नद्या आहेत. त्या एकत्र होतात आणि समुद्राला मिळतात. या एकत्र झालेल्या नदीला शत्त अल-अरब म्हणतात. खालच्या भागात तिच्या एका काठाला इराक, तर दुसऱ्या काठाला इराण. इराकला समुद्रकिनारा अगदी थोडा. बसरा बंदराची जहाजे याच नदीतून ये-जा करायची. पलीकडच्या काठाला इराणचे खुर्रमशहर बंदर आणि आबादानचा तेलाचा मोठा कारखाना.

मग हद्द कुठे धरायची? बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे का तुम्हांला सांगायला पाहिजे? १९३७ च्या करारात बहुतेक पाणी इराकच्या वाट्याला होते. १९७५ साली अल्जीयर्स येथे नवा करार झाला. खोल पाण्याच्या मध्यावरून हद्द ठरली. बदल्यात इराणच्या शहाने इराकमधल्या बंडखोर कुर्दांची मदत बंद केली. इराकतर्फे हा करार केला सद्दाम हुसेन यांनी.

पण सगळे भांडण काही पाण्याचे नव्हते. १९७९ साली इराणात क्रांती झाली. शहा गेला, आयातुल्ला खोमेनी आले. इराकमध्ये शिया लोक जास्त, पण सत्ता सुन्नींच्या हाती. तिकडची आग इकडे येईल, ही सद्दामना धास्ती. शिवाय इराणचे सैन्य तेव्हा विस्कटलेले. शेजाऱ्याच्या घरात गोंधळ आहे तोवर बांध सरकवून घ्यावा, असा हा हिशेब.

सप्टेंबर १९८० मध्ये सद्दामनी करार मोडला आणि २२ तारखेला हल्ला केला. खुर्रमशहर पडले. पण हिशेब चुकला. इराणी लोक एक झाले आणि मे १९८२ मध्ये त्यांनी ते शहर परत घेतले.

येथे युद्ध थांबवता आले असते. इराक तयारही होता. पण आता खोमेनी थांबेनात. सद्दामना खाली खेचायचेच, असा त्यांचा हट्ट. आमच्या मते पहिला गुन्हा इराकचा, पण पुढच्या सहा वर्षांचे ओझे इराणच्याही माथी आहे. ज्या पोरांनी शाळेत बसायचे, ती स्वयंसेवक होऊन आघाडीवर गेली. इराकने विषारी वायू सोडला. मार्च १९८८ मध्ये तर हलब्जा या आपल्याच देशातल्या कुर्द गावावर सोडला. हजारो माणसे, बायका, लेकरे जागच्या जागी मेली. बाहेरचे देश मात्र शस्त्रे विकत राहिले, काही तर दोघांनाही!

जुलै १९८८ मध्ये अमेरिकेच्या युद्धनौकेने दुबईला निघालेले इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे गेली. त्यांत आपले भारतीयही होते.

२० ऑगस्ट १९८८ ला तोफा थांबल्या. दोन्हीकडची मिळून लाखो माणसे मेली होती. हद्द होती तिथेच राहिली. आणि १९९० साली, कुवेत गिळल्यावर इराण शांत राहावा म्हणून, सद्दामनी तोच १९७५ चा करार पुन्हा मान्य केला. काही युद्धकैदी तर थेट २००३ साली घरी पोचले.