निर्भय बेटांवरचा पहिला दिवस



गॅलापागोस नावाची बेटे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात, विषुववृत्तावर आहेत. ती इक्वेडोर या देशाची. १८३५ साली तरुण डार्विन ‘बीगल’ जहाजातून तेथे गेला, हे आपण सर्व जाणता. आमचे शिक्षण कारखान्यांच्या द्वारसभांत झाले. तेव्हा उत्क्रांतिवाद आम्ही सांगू नये. भाचा जहाजावर नोकरीला आहे, त्याच्या आग्रहाने व त्याच्याच खर्चाने या बेटांभोवतीची एक सफर आम्हांस घडली. तिच्या फक्त पहिल्या दिवसाविषयी बोलतो.

विमानात बसण्यापूर्वीच सामान तपासतात. बी नको, फळ नको; परके रोप तेथे रुजले तर मूळचे मरते. परदेशी पाहुण्यास २०० डॉलर प्रवेशशुल्क. ऑगस्ट २०२४ पूर्वी ते १०० होते. विमान उतरते ते बाल्ट्रा बेटावर. तांबडी माती, निवडुंग आणि ऊन. दुसऱ्या महायुद्धात येथे अमेरिकेचा विमानतळ होता.

दुपारी रबरी होडीतून शेजारच्या नॉर्थ सेमूर बेटावर उतरलो. पायवाटेवरच निळ्या पायांचा बूबी पक्षी अंड्यावर बसलेला. आम्ही थांबलो, तो हलला नाही. वाट सोडून जाण्याची परवानगी नाही, आणि जनावरापासून दोन मीटर दूर राहावे असा नियम. आता दोघांचे कसे जमावे? वाटाड्याने आम्हांस एकेक करून कडेकडेने नेले. पक्ष्याने मान वळवून पाहिले, इतकेच. पुढे समुद्रसिंहीण पिलाला पाजीत होती. तिनेही आमची दखल घेतली नाही.

वर फ्रिगेट पक्षी घिरट्या घालीत होते. त्यांची पिसे पाण्यात भिजतात, म्हणून समुद्रावर बसता येत नाही. बूबी बुडी मारून मासा आणतो. हा त्याचा पाठलाग करून, गिळलेला घास ओकावयास लावून तो हवेतच झेलतो. या गृहस्थांची ओळख आम्हांस कोणी करून द्यावी लागली नाही! पण पक्ष्याला दोष कसा द्यावा? बुडी मारून मासा आणण्याचा मार्ग निसर्गानेच त्याला ठेवलेला नाही. माणसाला ती सबब नाही.

या प्राण्यांना भय का नाही? मोठी हिंस्र श्वापदे तेथे कधी पोहोचलीच नाहीत. परंतु हीच निर्भयता त्यांच्या मुळावर आली. देवमाशांची शिकार करणारे खलाशी मोठाली कासवे उचलून जहाजाच्या तळाशी रचीत. अन्नपाण्याविना ती महिनोन् महिने जगत आणि ताजे मांस मिळे. बाल्ट्रावर घोरपडीसारखे इग्वाना होते. १९३२-३३ साली एका संशोधन-सफरीतील लोकांनी त्यांतले सत्तरएक उचलून नॉर्थ सेमूरवर सोडले. पुढे बाल्ट्रावर एकही उरला नाही. नॉर्थ सेमूरवरचे वाचले, आणि त्यांच्याच वंशजांना १९९१ पासून बाल्ट्रावर परत नेण्यात आले. म्हणजे भोळेपणाला राखण लागते. १९५९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, ते त्यासाठीच.

आता आमच्या धंद्यातला प्रश्न. राखणीचा खर्च कोणाच्या पोटातून जातो? बेटांवर तीसएक हजार माणसे राहतात. समुद्रकाकडी काढण्यावर बंदी आली, तेव्हा १९९५ साली चिडलेल्या मच्छीमारांनी तेथील संशोधन केंद्राला वेढा घातला. वृत्तपत्रांतून ते खलनायक ठरले. आम्ही मात्र विचारतो, बंदी ठरवताना त्यांना कोणी बोलावले होते? १९९८ च्या खास कायद्याने बेटांभोवतीचे ४० सागरी मैल राखीव झाले. मोठ्या कंपन्यांच्या बोटींना तेथे मज्जाव झाला, स्थानिक छोट्या मच्छीमारांचा हक्क राहिला, आणि निर्णयाच्या बैठकीत त्यांच्या प्रतिनिधीला जागा मिळाली. भांडणे संपली नाहीत. पण ती बैठकीतही मांडता येऊ लागली. आम्ही याला प्रगती म्हणतो.

संध्याकाळी जहाज निघाले तेव्हा आमच्या ध्यानात एवढे राहिले: तो पक्षी अंड्यावर निश्चिंत बसू शकतो, कारण कोणीतरी वाट आखली आहे आणि इतरांनी ती पाळली आहे. निर्भयता ही एकट्याच्या छातीची गोष्ट नव्हे. ती सर्वांनी मिळून राखावयाची असते. आणि ज्यांनी राखावयाची, त्यांच्या चुलीचा विचार आधी झाला पाहिजे.