बांधावरची प्रार्थना



आज आपण प्रार्थनेविषयी बोलणार आहोत. पण देवळातल्या प्रार्थनेविषयी नाही. देवळात आपण सगळे नीट बसतो. डोळे मिटतो, हात जोडतो, आवाज मऊ करतो. तिथे कुणाचे काही चुकत नाही. चुकते ते बाहेर आल्यावर. सोमवारी सकाळी दूध घालताना चुकते. बाजारात तागडी धरताना चुकते. शेजाऱ्याच्या बांधाला लागून औत हाकताना चुकते. तिथली गोष्ट आज करू.

पुष्कळ जण आम्हांला म्हणतात, “आम्हांला प्रार्थना करता येत नाही. पाळकसाहेबांसारखे शब्द येत नाहीत.” अहो, शब्द हवेत कुणाला? प्रभू येशूनेच सांगून ठेवले आहे, की उगाच बडबड करू नका, तुम्हांला काय हवे ते पित्याला आधीच ठाऊक आहे. त्याने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, ती म्हणायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. आणि ती आपल्या घरच्या बोलीत म्हणावी. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी काय केले? अभंग, भजन, कीर्तन हे आपल्या मातीतले प्रकार देवळात आणले. मराठी माणसाने देवाशी मराठी माणसासारखे बोलावे, एवढेच त्यांना पाहिजे होते. तेव्हा शब्दांची काळजी सोडा.

काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. प्रभूची ती प्रार्थना मनातल्या मनात म्हणून पाहा. तिच्यात ‘मी’ कुठे आहे? ‘मला’ कुठे आहे? कुठेच नाही. सगळीकडे ‘आम्ही’ आहे. भाकर मागायची ती आमची म्हणून. क्षमा मागायची तीही आमची म्हणून. आणि आम्हीही दुसऱ्याला क्षमा केली आहे, असे देवासमोर बोलून दाखवायचे. हे आम्ही लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आलो. कळले मात्र फार उशिरा. कसे कळले, ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आमच्या रानाच्या शेजारी एका भावाचे रान होते. तो आमच्याच मंडळीतला. वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला अण्णा म्हणत असू. आमच्या दोघांत एक बांध होता. आता बांधाचे तुम्हांला काय सांगावे! तुम्ही शेतकरी आहात. औत वळवताना बांधाला जरा खेटून घातले, की चार बोटे माती आपल्याकडे येते. चार बोटांना कोण विचारतो? आम्ही सहा वर्षे चार-चार बोटे घेतली. सहा वर्षांत हातभर झाली.

अण्णा बोलला. आम्ही म्हटले, “पावसाने बांध खचला.” तो शिव्या देऊन गेला. आम्हीही दिल्या. मग बोलणे बंद. देवळात आम्ही खिडकीशी बसायचो, तो दाराशी बसायचा. प्रभुभोजनाच्या आधी पाळक सांगत, कुणाचे कुणाशी वाकडे असेल तर आधी जाऊन समेट करा. आम्ही खाली बघत बसायचो. आणि घरी येऊन रोज प्रार्थना करायचो, “देवा, अण्णाचे मन बदल.” चोरी आमची, आणि मन अण्णाचे बदलायचे!

मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना तो आठवतो. आधीची दोन वर्षेही पाऊस कमीच होता. त्या वर्षी विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली. जमीनदार आणि मजूर एकाच रांगेत खडी फोडायला बसले. रेशनला परदेशातला लाल मिलो यायचा. त्याची भाकरी कुणाला गोड लागत नसे, पण खायचो. कामावर सुकडी वाटायचे. ज्या हातभर मातीसाठी आम्ही भावाशी वैर केले, तिच्यात त्या वर्षी काडीसुद्धा उगवली नाही. तिकडेही नाही आणि इकडेही नाही.

एके दिवशी दुपारी आम्ही खडीच्या ढिगाशी जेवायला बसलो. भाकरीवर हात ठेवून नेहमीसारखी प्रार्थना म्हटली. जरा मोठ्याने म्हटली, चार लोकांनी ऐकावी म्हणून. डोळे उघडले तर दहा पावलांवर अण्णा. त्याच्यापुढे फडके नव्हते. त्याची बायको आजारी होती, भाकरी थापायला कुणी नव्हते. तो पाणी पीत होता आणि आमच्याकडे बघत नव्हता. आत्ताच आम्ही देवाकडे ‘आमची’ भाकर मागितली होती. आणि ती आमच्या एकट्याच्या मांडीवर होती. आम्ही उठलो का? नाही उठलो. घास घशाखाली जाईना, तरी सगळी भाकरी खाल्ली. हे खरे आहे, आणि अजून बोचते.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. आमच्या घरचे माणूस शाळेत गेलेले नव्हते. १९६१ च्या सुमारास ग्राम शिक्षण मोहीम गावोगाव आली, तेव्हा ती रात्री पाटी घेऊन बसली आणि वाचायला शिकली. तुमच्यासारखीच. अक्षराखाली बोट ठेवून, एकेक शब्द फोडत वाचायची. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आम्हांला हसू यायचे. त्या रात्री ती कंदिलापाशी लूकचे शुभवर्तमान वाचत होती. जक्कयाची गोष्ट आली. जक्कय यरीहो गावातला जकातदार. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. बुटका होता, म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी गेला. मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, की अर्धा पैसा गरिबांना देतो, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो.

तिचे बोट तिथे थांबले.

“अहो, चौपट म्हंजे किती?”

“चार पट.”

“मग अण्णांच्या रानाचं किती होईल?”

आम्ही गप्प. ती बोटांवर मोजू लागली. हातभर पट्टी, इतकी लांब, सहा सुग्या. “समदं मिळून पाच पायल्या ज्वारी धरा. चौपट म्हंजे वीस पायल्या.”

आम्ही रागावलो. म्हटले, “अगं, तो जकातदार पैसेवाला होता!”

“मी कुठं म्हणते तुम्ही पैसेवाले हाय? रोज प्रार्थनेत अण्णांचं नाव घेता, तर बांधाचंबी देवाला सांगा की.”

पंडिता रमाबाई थोर विदुषी. पण साध्या बायामाणसांना समजावे, म्हणून त्यांनी सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. १९२२ साली त्यांचा अंत झाला, त्याच्या थोडे आधीपर्यंत त्या ते काम करत होत्या. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनातल्या बायका छापखाना चालवत. एवढे कष्ट कशाला, असे आम्हांला पूर्वी वाटायचे. त्या रात्री उत्तर मिळाले. आम्ही शिकलेल्या माणसाने ती गोष्ट पन्नास वेळा वाचली होती, आणि तिच्यातून आमचा बांध आम्हांला कधी दिसला नव्हता.

१९७३ ला पाऊस चांगला झाला. पेरणीच्या आधी आम्ही कुदळ आणि दोरी घेऊन अण्णाकडे गेलो. म्हटले, “चला, बांध मोजू.” त्याला वाटले, आणखी काही घ्यायला आलो. तरी आला. माती उकरली, तेव्हा खुणेचा जुना दगड आमच्या रानात निघाला. आमच्याच औताने तो बुजला होता. गावचे दोघेचौघे बघत होते, त्यांच्यासमोर आम्ही कबूल केले. कुणीतरी हसले. बांध पुन्हा जागेवर घातला. सुगी झाल्यावर वीस पायल्या ज्वारी मोजून त्याच्या ओट्यावर नेली.

तुम्हांला वाटेल, आता अण्णाने मिठी मारली असेल. छे! “ठेवा तिथं,” एवढेच म्हणाला. रविवारी पुन्हा दाराशीच बसला. आम्हांला राग आला. एवढे दिले, तरी याचा ताठा जाईना! मग ध्यानात आले, की आम्ही ज्वारी दिली होती ती क्षमा विकत घेण्यासाठी. ती काही अशी मिळत नाही. त्याचे होते ते त्याला परत दिले, यात उपकार कसला? त्या दिवसापासून ‘अण्णाचे मन बदल’ ही प्रार्थना आम्ही बंद केली. ‘आमचे औत सरळ चालू दे,’ एवढीच करू लागलो.

दुसऱ्या वर्षी ऐन पेरणीत आमचा एक बैल बसला. काही केल्या उठेना. सकाळी दार उघडले तर अण्णाचा बैल अंगणात. दोर धरून त्याचा पोरगा उभा. म्हणाला, “दादांनी धाडलाय. सांजच्याला परत लागंल.”

आता थोडे पाण्याविषयी. तेही रोजचेच आहे. लक्ष्मीबाई टिळक या टिळकांच्या पत्नी. सोवळ्यात वाढलेल्या. लग्नानंतर घरी वाचायला शिकलेल्या. नवरा ख्रिस्ती झाला, तरी त्यांनी कित्येक वर्षे आपले सोवळे सोडले नाही. मग विचार करता करता त्यांना पटले, की जात देवाने केली नाही, माणसाने केली. पटल्यावर त्या कुणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा नंतर झाला, हे ध्यानात घ्या. आधी पाण्याचा पेला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक तुम्ही नेटाने वाचत राहिलात, तर तुम्हांला सहज वाचता येईल. आजही आपल्या मंडळीत सोयरीक जुळवताना आधी कशाची चौकशी होते, ते आम्हांला ठाऊक आहे आणि तुम्हांलाही. पुढच्या वेळी त्यावरच बोलू. कुणाला राग आला तरी बोलू.

अण्णा आता नाही. आमची कारभारीणही नाही. खुणेचा दगड आहे. दर वर्षी आमचा नातू त्याला चुना लावतो. आता औत गेले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर एका फेरीत सहा वर्षांचे काम करतो. म्हणून नांगरट चालली की आम्ही काठी टेकत जातो आणि दगडावर बसतो. ट्रॅक्टरवाला म्हणतो, “बाबा, बाजूला व्हा.” आम्ही म्हणतो, “तूच बाजूने घे.”

आता उभे राहू आणि प्रभूची प्रार्थना म्हणू. कुणाला आधी उठून शेजाऱ्याकडे जायचे असेल, तर त्याने खुशाल जाऊन यावे. आम्हांला घाई नाही. आम्ही थांबू.