जुनी मोटार, तिचे नाव आणि मिस्त्री



मोटारीचे नाव तिच्या चासीवर ठोकलेल्या क्रमांकात असते. आर. टी. ओ.चे दप्तर त्यावरच चालते. पत्रा बदलला, गाद्या बदलल्या, तरी मोटार तीच. पण दुसऱ्या चासीवर जुना क्रमांक ठोकला, की दुरुस्ती संपली आणि फसवणूक सुरू झाली.

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खाजगी मोटार असेल, तर राज्याची समिती ती तपासते. २०,००० रुपये भरून १० वर्षांची नोंदणी मिळते; क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला न्यावी; रोजच्या रहदारीत आणू नये.

नकलेला मात्र हे दार बंद आहे. जुन्या रूपाची नवी गाडी ही नवीच गाडी. तिच्या नमुन्याने पुण्याच्या ए. आर. ए. आय.सारख्या संस्थेच्या चाचणीत उतरले पाहिजे.

मी कामगारांत वावरलेला माणूस, म्हणून एवढे सांगतो. हौशी मालक म्हणतो, "मिस्त्री, तेवढा नंबर पाडून द्या." उद्या चौकशी आली, तर मालकाजवळ वकील असतो, मिस्त्रीजवळ हातोडी! तेव्हा मिस्त्रीने हात लावण्यापूर्वी जुने नोंदणीपुस्तक मागावे. गाडी परदेशची असेल, तर जकातीचा कागद पाहावा. मालकानेही त्यात अपमान मानू नये. कागद खरा असेल, तरच त्या हातांची कारागिरी उजळ माथ्याने रस्त्यावर येईल.