चिलिका: गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा संसार

अकोटाहून दक्षिणेस पूर्णा नदीच्या रोखानें चालूं लागलें, कीं कांहीं कोसांतच विहिरींच्या पाण्याची चव पालटते. सातपुड्याच्या पायथ्याशीं संत्र्यांच्या व केळींच्या बागा पोसणारें गोड पाणी मागें राहतें आणि खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारें ४,७०० चौरस किलोमीटर पसरलेल्या या पट्ट्यांत भूमीच्या पोटांतील पाणी खारें आहे. तें ना धड पिण्याच्या उपयोगाचें, ना ओलिताच्या. मचूळ पाणी म्हणजे निसर्गाचा कोप, अशी समजूत वऱ्हाडी माणसाच्या मनांत घर करून बसली असल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर असा एक मचूळ जलाशय आहे, कीं ज्याच्या आश्रयानें लाखों पक्षी, शेंकडों जातींचे मासे आणि दोन लाखांवर माणसें जगतात. तो जलाशय म्हणजे ओडिशांतील चिलिका सरोवर.

चिलिकेचें नांव वऱ्हाडाला परकें वाटूं नये, असाच इतिहास आहे. १७५१ सालीं अलीवर्दीखानाशीं झालेल्या तहानें ओडिशा प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखालीं आला, आणि पुढें अर्धशतक चिलिकेचा कांठ ही त्या अंमलाची दक्षिण सीमा होती. १८०३ च्या सप्टेंबरांत गंजामहून निघालेली इंग्रजी फौज समुद्र व सरोवर यांच्यामधील वाळूच्या अरुंद पट्टीनें पुरीस पोंचली, आणि पुढल्याच महिन्यांत कटकचा किल्ला पडला. या हानीवर शिक्कामोर्तब झालें तें मात्र वऱ्हाडांत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोटापासून कांहीं कोसांवर असलेल्या अडगांवच्या मैदानांत भोसल्यांचा पराभव झाला. १५ डिसेंबरास गाविलगड गेला. आणि १७ डिसेंबरास देवगांवच्या तहानें कटक प्रांत इंग्रजांच्या हवालीं झाला. चिलिकेच्या मालकीचा निकाल अशा रीतीनें अकोटाच्या मुलखांत लागला. राज्यें बदललीं, परंतु सरोवर ज्या दोन धन्यांचें खरें ताबेदार आहे, ते बदलले नाहींत. एक धनी महानदी आणि दुसरा समुद्र.

महानदीच्या दया, भार्गवी इत्यादि शाखा उत्तरेकडून सरोवरांत गोडें पाणी व गाळ आणून ओततात. पूर्वेकडे वाळूचा एक लांबलचक बांध सरोवराला समुद्रापासून वेगळें करतो, आणि त्या बांधांत पडलेल्या मुखांतून भरतीचें खारें पाणी आंत येतें. पावसाळ्यांत नद्यांचा जोर असतो. तेव्हां सरोवर फुगून सुमारें १,१६५ चौरस किलोमीटर होतें, आणि उत्तर भागांतील पाणी जवळजवळ गोडें होऊन जातें. उन्हाळ्यांत नद्या रोडावतात, सरोवर ९०० चौरस किलोमीटरांच्या आसपास आक्रसतें आणि समुद्राचा अंमल वाढतो. बहुतेक ठिकाणीं खोली एका पुरुषाहून फारशी अधिक नाहीं. त्यामुळें सूर्यप्रकाश तळापर्यंत पोंचतो, पाणवनस्पति फोफावतात, आणि चिखलांत किडे, गोगलगाई व शिंपले यांची अपार वाढ होते. पुढच्या साऱ्या अन्नसाखळीची हीच शिदोरी होय.

मासळीच्या दृष्टीनें पाहिल्यास चिलिका हें एक पाळणाघर आहे. कोंकणांतल्या खाड्यांत सांपडणारा बोय येथें विपुल. पण त्याची अंडीं पडतात समुद्रांत. बोटभर पिलें मुखांतून आंत शिरतात, निवांत पाण्यांत पोसलीं जातात, आणि वयांत आलेला बोय पुन्हां समुद्राची वाट धरतो. मोठ्या कोलंबीचा क्रम असाच. गोड्या व मचूळ पाण्यांत वाढणारा जिताडाही विणीसाठीं खाऱ्या मुखाकडेच वळतो, आणि चिखलांतल्या खेकड्याची मादी अंडीं सोडण्यास समुद्रांत उतरते. म्हणजे सरोवरांत कितीही अन्न असलें, तरी समुद्राकडील दार मोकळें नसेल, तर हा वंश पुढें चालत नाहीं.

या मासळीवर माणसांप्रमाणेंच आणखी एक धीवर अवलंबून आहे. तो म्हणजे इरावती डॉल्फिन. वाटोळ्या डोक्याचा, चोंच नसलेला हा सस्तन प्राणी मुखाजवळच्या भागांत श्वास घेण्यासाठीं वर येतांना दिसतो. अलीकडील गणनांत त्याची संख्या दीडशेंच्या आसपास भरली. जाळ्यांत अडकणें आणि यंत्रनौकांचा धक्का हीं त्याचीं दोन मोठीं भयें होत.

हिवाळा आला, कीं सरोवराचें रूप पालटतें. सायबेरिया, मंगोलिया, कास्पियन समुद्राचा प्रदेश, लडाख अशा दूरदूरच्या मुलखांतून पक्ष्यांचे थवे उतरूं लागतात. वऱ्हाडांतील तलावांवर हिवाळ्यांत दिसणारा चक्रवाक येथें आहे. डोक्यावर काळे पट्टे मिरविणारा पट्टकदंब आहे. तलवार बदक, थापट्या, चमचा आणि गुलाबी रोहित हेही आहेत. कांहीं वर्षांच्या गणनेंत पक्ष्यांची संख्या दहा लाखांच्या घरांत गेली. त्यांचें मुख्य ठाणें म्हणजे नळबण हें सुमारें १५ चौरस किलोमीटरांचें बेट. नांवाप्रमाणेंच तें नळगवताचें रान. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जातें आणि पूर ओसरल्यावर चिखलासकट वर येतें. त्या चिखलांतच पाहुण्यांचें पान मांडलेलें असतें.

शास्त्रज्ञांचें लक्ष या सरोवराकडे फार पूर्वीं वळलें. १९१६ सालीं स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनीं स्टॅन्ले केंप यांच्यासह येथील जीवसृष्टीचा कसून अभ्यास केला. सरोवरांतील बरकुडा बेटावर त्यांना पाय नसलेली, मातींत राहणारी एक विलक्षण सापसुरळी आढळली. १९१७ मध्यें तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें आणि बेटाचेंच नांव तिला मिळालें. पुढें १९८१ सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत भारतांतील ज्या पहिल्या दोन स्थळांचा समावेश झाला, त्यांतील एक चिलिका व दुसरें भरतपूरचें केवलादेव होतें.

परंतु हा मान मिळत असतांनाच सरोवराला आंतून घरघर लागली होती. या किनाऱ्यावर लाटांच्या ओढीनें वाळू सतत ईशान्येकडे सरकत असते. त्या वाळूनें मुख आकुंचित केलें आणि तें दूर दूर लोटत नेलें. नद्यांच्या गाळानें वाहिनी उथळ केली. खारें पाणी आंत येईना, आणि पुराचें पाणी लवकर बाहेर जाईना. गोड्या पाण्यावर पोसणारी जलपर्णी आणि नळगवत यांनीं मोठा प्रदेश व्यापला. बोय व कोलंबी यांचीं पिलें दाराशींच अडलीं. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास वर्षाची मासळी दीड हजार टनांच्याही खालीं घसरली. त्याच सुमारास कोलंबीच्या परदेशी व्यापाराच्या लोभानें कांठाचें पाणी जाळ्यांनीं व बांधांनीं वेढण्याचा सपाटा सुरू झाला. पिढीजात कोळी आणि नवे व्यापारी यांच्यांत कलह माजला. शेवटीं ११ डिसेंबर १९९६ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें सरोवराच्या कांठापासून एक हजार मीटरांच्या आंत, पारंपरिक पद्धति वगळतां, कोलंबीच्या तळ्यांस बंदी केली. तत्पूर्वींच, १९९३ सालीं, चिलिकेची नोंद रामसर करारांतील धोक्याच्या यादींत, म्हणजे माँत्रो नोंदवहींत, झाली होती.

रोगाचें निदान झालें होतें. उपचार कोणता हा प्रश्न होता. चिलिका विकास प्राधिकरणानें या कामीं तज्ज्ञांचें साहाय्य घेतलें. त्यांत पुण्याजवळील खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन संस्थेचा वांटा मोठा आहे. तेथें गणिती प्रतिकृतींच्या आधारें प्रवाह, भरती व वाळू यांचा हिशेब मांडण्यांत आला आणि नवें मुख कोठें पाडावें हें ठरलें. २३ सप्टेंबर २००० रोजीं सिपाकुदा गांवाजवळ वाळूचा बांध कापून समुद्राला नवी वाट देण्यांत आली. समुद्र सरोवराच्या सुमारें १८ किलोमीटर जवळ आला. थोड्याच काळांत खारेपणा वाढला, जलपर्णी मागें हटली, आणि कोळ्यांच्या जाळ्यांत गवताऐवजीं पुन्हां मासळी येऊं लागली. दोन-तीन वर्षांतच वार्षिक उत्पन्न दहा हजार टनांच्या वर गेलें. २००२ सालीं चिलिकेचें नांव धोक्याच्या यादींतून निघालें.

येथें गोष्ट संपली असें मानणें मात्र भाबडेपणाचें होईल. वाळू थांबलेली नाहीं. मुख सरकतें, अरुंद होतें. मे २०१९ च्या फनी वादळानें तर बांधांत आणखीही मुखें पाडलीं. समुद्राचें दार अति मोकळें झालें, तर सरोवर निव्वळ खाडी होऊन बसेल, आणि उत्तरेकडील गोड्या पाण्याचे मासे, गवत व पक्षी हे सारे निराधार होतील. तिकडे महानदीवरील धरणें व कालवे यांतून सरोवराच्या वांट्यास किती पाणी सोडावयाचें, हाही प्रश्न दरवर्षींचाच आहे. म्हणून मुखाची खोली, पाण्याचा खारेपणा आणि नद्यांचा ओघ यांची नोंद सतत घ्यावी लागते. एकदां खणून मोकळें होण्याजोगें हें काम नव्हे.

खारपाणपट्ट्याच्या शेजारीं राहणाऱ्यास यांतला मुद्दा इतरांहून लवकर उमजेल. पूर्णेच्या खोऱ्यांत चिकण काळ्या मातींतून निचरा होत नाहीं. क्षार सांचले ते तेथेंच राहिले, आणि म्हणून तेथील पाणी माणसास पारखें झालें. चिलिकेंतही मीठ आहेच. परंतु तें भरतीबरोबर येतें आणि पुराबरोबर जातें. या येण्याजाण्यावरच बोयाच्या पिलापासून पट्टकदंबापर्यंत सर्वांचा संसार उभा आहे. सरोवरांतील कालिजाई देवीच्या बेटावरून नाव नेतांना तेथील नावाडी हात जोडतात. दरवर्षीं संक्रांतीस तेथें जत्रा भरते. त्या जत्रेस येणाऱ्या कोळ्यांच्या घरीं चूल पेटत राहावयाची असेल, तर सरोवराच्या दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत: एक डोंगराकडून येणारी आणि दुसरी समुद्राकडे जाणारी.