वालाच्या डब्यातली बारीक माशी

आम्ही नवी मुंबईतल्या एका बचत गटाच्या बाया. आज बोलायचंय वालातल्या किडीबद्दल, आणि त्या किडीवर जगणाऱ्या दुसऱ्या किडीबद्दल.

आमचा गट श्रावणात सोललेलं बिरडं विकतो. पनवेल-उरणकडे भात कापला की शेतातल्या ओलीवर वाल होतो. तो आम्ही फाल्गुनात घेऊन डब्यांत भरतो. एका वर्षी आषाढात डबे उघडले, तर दाण्यांना भोकं आणि वर भुंगेरे! चाळीस किलो माल, तोही कर्ज काढून घेतलेला. एक ताई म्हणाली, "धान्यात टाकायची गोळी आणू, सगळं मरेल." तिचं घर एका खोलीचं, लेकरं डब्याशेजारीच झोपतात. त्या गोळीतून विषारी वायू सुटतो, माणसं झोपेतच जातात. म्हणून ती गोळी घरात आणायचीच नाही, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो.

मग वाल पाखडायला बसलो. सुपात मुंगीहून बारीक, काळ्या, पंखवाल्या माशा दिसल्या. आम्हाला वाटलं, ही आणखी एक कीड. शेतीचं शिकलेल्या एका ताईंना दाखवल्या. त्या म्हणाल्या, "ह्यांना मारू नका, ह्या तुमच्या बाजूच्या आहेत."

त्यांनी सांगितलं ते असं. भुंगेऱ्याची मादी दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं अंडं चिकटवते. अळी थेट दाण्यात शिरते आणि आतूनच तो पोखरते. उबदार हवेत महिन्याभरात नवा भुंगेरा बाहेर पडतो. मोठा भुंगेरा दाणा खात नाही, पण एक मादी साठ-सत्तर अंडी सहज घालते. ही बारीक माशी दाण्याच्या सालीतून सुई खुपसून आतल्या अळीवर आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू अळीला खाऊन मोठं होतं. तिच्याच जातकुळीतली एक माशी तर भुंगेऱ्याच्या अंड्यातच अंडं घालते, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. ह्या माशा माणसाला चावत नाहीत, दाणाही खात नाहीत. आफ्रिकेत चवळी साठवणाऱ्या शेतकऱ्यांच्या कोठारांत ह्यांचा खूप अभ्यास झालाय.

आम्ही मूठभर किडके वाल काचेच्या बरणीत टाकून वर फडकं बांधलं. तीन आठवड्यांत दोन तऱ्हेची भोकं दिसली. मोठं गोल भोक भुंगेऱ्याचं, बारीक भोक माशीचं. बारीक भोक दिसलं की समजायचं, इथे एक भुंगेरा कमी झाला.

पण खरं सांगायचं, तर माशीच्या भरवशावर माल सोडता येत नाही. भुंगेरे फार वाढले की ती पुरी पडत नाही, आणि गिऱ्हाइकाला किडका दाणा चालत नाही. आमचे निम्मे वाल गेलेच. म्हणून आता आधीच काळजी घेतो. वाल कडक उन्हात वाळवतो, दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. गार झाल्यावर किलोला एक चहाचा चमचा गोडं तेल हाताने चोळतो, त्याने अंडी मरतात. मग घट्ट झाकणाचा डबा. दर पंधरा दिवसांनी मूठभर काढून बघतो. आपल्या आज्या राखेत वाल ठेवायच्या, तेही उगाच नव्हतं.

आणि माशीचं काय? साठवणीच्या खोलीत औषध फवारत नाही. फवारलं की आधी माशी मरते, आणि दाण्यात लपलेली अळी मात्र वाचते. मग पुढची पिढी मोकळी.

तेव्हा बायांनो, पुढच्या वेळी सुपात काळी बारीक माशी दिसली तर लगेच चिरडू नका. आधी दाणा हातात घ्या, भोक लहान की मोठं ते बघा, आणि मग ठरवा.