काता जुटाची वाट
ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, उलुरू खडकाच्या पश्चिमेला, काता जुटाचे ३६ लालसर खडकाळ घुमट उभे आहेत. जवळ गेलं की त्यांत घट्ट रुतलेले गोटे दिसतात. डोंगरांवरून पाण्याने वाहून आणलेला हा प्राचीन गाळ! घुमटांमधली ‘वाऱ्यांची दरी’ ही वाट साधारण ७ किलोमीटरांची. पारा ३६ अंशांवर जाण्याचा अंदाज असला, की सकाळी ११ नंतर तिचा पुढचा भाग बंद करतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा उजाडताच निघा, पाणी भरपूर घ्या. ही भूमी अनांगू लोकांची, त्यांना पवित्र. आखलेली वाट सोडू नका. इथल्या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकता येत नाही, मुक्काम युलारा गावच्या तळावर. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो. रात्री पारा शून्याखालीही उतरतो, जाड पांघरूण हवंच.