अकीक घासण्याचे यंत्र

आदिलाबादच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरांत, काळ्या फत्तराच्या प्रदेशात उगम पावते. अशा फत्तराच्या पोकळ्यांतच अकीक घडतो. त्याचा खडा घासून अंगठीत बसवावा, अशी हौस असलेला मनुष्य दुकानात जाऊन प्रथम विचारतो, “मिनिटाला फेरे किती?” माझ्या मते हा प्रश्न गौण आहे. अकीकाचे काठिण्य सुमारे 7; पितळ त्याच्या निम्मेही कठीण नाही. पितळी दागिना उजळणारे नमद्याचे चाक ओबडधोबड अकीकावर चालवीत बसलात, तर दिवस मावळेल! तेथे हिऱ्याची भुकटी बसवलेलेच चाक हवे. वेग मात्र कमी करता आला पाहिजे, कारण तापलेला खडा तडकतो.

म्हणून पाणी हवे; आणि पाणी आले की विजेची मोटार हातात नको. मोटार वर टांगलेली आणि लवचीक दांड्याने फिरणारी मूठ तेवढी हाती, असे यंत्र महाग पडले तरी घ्यावे.

पाण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. खंबायतच्या अनेक अकीक-कारागिरांची फुप्फुसे कोरड्या धुळीने निकामी झाली. सिलिकोसिस हा रोग बरा होत नाही, आणि तोंडावर बांधलेला रुमाल ती सूक्ष्म धूळ अडवीत नाही. घरात लहान मुले असतील, तर यंत्र माजघरात मांडू नका.